माझी लोकर आणि लाडकी आत्याची खोली यांबाबत

ज्याला वाचता येत नाही त्याला कागद वाचून दाखवणाऱ्याची जबाबदारी नेमकी कुठे संपते? शेवटचा शब्द वाचून झाला की, की ऐकणाऱ्याला समजले याची खात्री झाली की? या प्रश्नाचे उत्तर मला येत नाही. पालघरला ज्या वकीलसाहेबांकडे मी तीन वर्षे काम करते त्यांना विचारले. ते म्हणाले, “कायद्याने विचारतेस की एरवी?” मी म्हणाले, दोन्ही. ते म्हणाले, “मग आधी जेवून घे.” त्यांनाही येत नसावे.

उत्तर येत नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे, ते असे.

मी, तेजल दामू तामोरे, वय २५ वर्षे, शिक्षण बी. ए., राहणार दांडी, तालुका व जिल्हा पालघर, लिहून ठेवते की माझी तब्येत ठणठणीत आहे, डोके ठिकाणावर आहे आणि कोणाच्या धाकाने मी हे लिहीत नाही. एक अट मात्र आहे. ती माझ्या वडिलांची आहे आणि अट म्हणजे धाक नव्हे असे मी धरून चालते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. आमच्या घरात कोणीच केलेले नाही.

गावात एकट्या भिका तांडेल यांनी केले होते आणि ते अठराव्या दिवशी वारले. त्यांचे वय एकोणनव्वद होते ही गोष्ट कोणी विचारात घेत नाही. तेव्हापासून मृत्युपत्र लिहिले की माणूस जातो, असे दांडीत पक्के आहे. मागच्या वर्षी मी देवळाजवळच्या फळ्यावर लिहिले होते की ज्यांना मृत्युपत्र करायचे असेल त्यांना मी मजकूर विनामूल्य लिहून देईन. दोघे आले. एकाला रेशनकार्डावरचे नाव दुरुस्त करायचे होते. दुसरे मला ओरडायला आले होते.

या महिन्यात मी वडिलांना मृत्युपत्र करा म्हणाले, तेव्हा त्यांनी अट घातली. “बाय, पयली तू लिव. तुला काय झाला नाय, तं मी बी लिवतो.”

आई ताटातले मासे तसेच टाकून उठली. “पोरीला फुडं घालता? लाज नाय वाटत?”

“तिला भ्या नाय ना. ती शिकलेली हाय.”

म्हणून मी पुढे झाले आहे. आता माझ्या मालमत्तेविषयी.

१. माझ्या नावावर घर, जमीन, होडी किंवा होडीतला वाटा नाही. पोस्टात जे काही आहे ते माझी आई जमुना हिला द्यावे. तिने ते माझा भाऊ मेहुल याच्या घरबांधणीत घालू नये, गुडघ्याच्या उपचाराला लावावे. ती माझे ऐकणार नाही, तरी लिहिले.

२. नेत्रदानाचा अर्ज मी भरलेला आहे. त्याची प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. अशा वेळी घरात रडारड असते आणि फोन करायचे कोणाला सुचत नाही. ते काम रूपलने करावे.

३. रूपल म्हणजे माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. ती विक्रमगडकडच्या पाड्यावरची आहे आणि बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी तिला नेमते. माझ्या विणायच्या सगळ्या सुया (बांबूच्या आठ आणि दहा नंबरच्या, वायरने जोडलेली एक, क्रोशाच्या पाच) तिला द्याव्यात. दहा नंबरची एक सुई टोकाला तुटलेली आहे. ती मेहुलने पंख्याचे बटण दाबायला वापरली होती. मी तेव्हा काही बोलले नाही. आता नोंद करते.

४. हाताने विणून दिलेल्या वस्तूंविषयी. मला वाटले होते की मृत्युपत्रात मुख्य हेच लिहावे लागेल, कारण मी आयुष्यात दुसरे फारसे काही केलेले नाही. बारा वर्षांत मी एकेचाळीस वस्तू विणून लोकांना दिल्या. एसटीत विणल्या, कोर्टाच्या व्हरांड्यात पुकारा होईपर्यंत विणल्या, आईबरोबर मासळीबाजारात गिऱ्हाईक नसताना विणल्या. मे महिन्यात बोईसरच्या गाडीत शेजारी बसलेला कामगार म्हणाला, “दीदी, इतनी गर्मी में स्वेटर? देखके ही पसीना आ रहा है.” मी त्याला सांगितले की जानेवारीत पहाटे होडीवर काय वारा असतो ते तुम्ही एकदा येऊन बघा. तो म्हणाला, “नहीं दीदी, मैं बॉयलर पे ही ठीक हूँ.”

पण वकीलसाहेबांनी सांगितले की दिलेली वस्तू आपली राहत नाही, ती मृत्युपत्रात येत नाही. म्हणजे कानटोप्या, बिनबाह्यांचे स्वेटर, बाळंतविडे, रूपलचे पायमोजे, यांतले काहीच माझे नाही. तेव्हा एवढेच लिहिते की या वस्तूंबद्दल माझे कोणाकडे काही मागणे नाही. माझी वहिनी हेमाली हिला मी लग्नात दिलेली जांभळी शाल सध्या मिक्सरवर झाकण म्हणून आहे, त्याबद्दलही नाही. शाल तिची आहे. मिक्सरही तिचा आहे. अडीच महिने लागले होते.

५. माझ्या मालकीचे उरते ते अर्धवट राहिलेले. सध्या दोन वस्तू सुयांवर आहेत.

पहिली, हेमालीच्या बाळासाठी पिवळी गोधडीवजा चादर. बाळ सप्टेंबरमध्ये येईल. पाऊण झाली आहे. रूपलने पुरी करावी आणि बाळालाच द्यावी. खाली जे लिहिणार आहे त्यावरून मेहुल माझ्याशी बोलेनासा झाला आहे आणि पुढेही बोलेल की नाही सांगता येत नाही. चादरीचा त्याच्याशी संबंध नाही. थंड पाण्यात धुवावी. बोंबील वाळत असतात त्या बाजूला वाळत घालू नये.

दुसरी, लाडकी आत्यासाठी पुढून बटणांचा, बाह्यांचा स्वेटर, निळा. पाठ आणि एक बाही झाली आहे. एकेचाळीस वस्तूंत आत्यासाठी एकही नव्हती हे मला मोजतानाच कळले. कारण पुढे येईल. लाडकी हे तिचे नाव, ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत ती परत आली आणि तेव्हापासून आमच्या घराच्या बाजूच्या खोलीत राहते. नऊ बाय अकरा फूट, वर पत्रा, आढ्याला जाळी टांगलेली. आमच्या होडीची सगळी जाळी ती एकटी विणते आणि दुरुस्त करते. पस्तीस वर्षे झाली. त्याबद्दल तिला कोणी काही दिले नाही. ती घरात आहे, हेच दिले असे सगळे समजतात.

विणायला मला तिनेच शिकवले आणि चुकीचे शिकवले. जाळ्यात प्रत्येक घराला गाठ असते. माशाने एक घर तोडले तरी बाकीचे जाळे शाबूत राहते. मी तिला लोकरीचे सुलटे-उलटे टाके दाखवले तेव्हा तिने एक धागा ओढला आणि तीन ओळी सरसर सुटल्या. “आं? गाठ नाय? ह्याला विणकाम बोलतान?” म्हणून मी माझी पहिली वस्तू, वडिलांची लाल कानटोपी, प्रत्येक टाक्याला गाठ मारून विणली. ती इतकी कडक झाली की काढली की त्यांच्या कपाळावर जाळीचे ठसे दिसत. होडीवरचे लोक म्हणत, “दामू, कुनाच्या जालात गावलास?” वडिलांनी ती चार हिवाळे घातली. आत्या मात्र बिनगाठीचे काही अंगावर घेणार नाही म्हणाली आणि मी दुसऱ्यांसाठी विणत राहिले.

आत्याच्या स्वेटरची दुसरी बाही कोणी पुरी करू शकले नाही तर तो तसाच, सुईसकट, तिला द्यावा.

६. त्या लाल लोकरीविषयी लिहिणे भाग आहे, कारण हे सगळे मृत्युपत्र तिच्यापाशी येते.

२०१२ साली आजोबा वारले. घर त्यांच्या नावावर होते. वारस दोन, वडील आणि आत्या. घर एकाच्या नावावर असले की कटकट नसते, असे कागद करून देणाऱ्याने वडिलांना सांगितले. वडिलांना तरी तो कागद पुरता समजला होता असे मला वाटत नाही. पुढच्या वर्षी आम्ही पालघरला नोंदणीला गेलो. मी नववीत होते. आत्याने सांगितले होते, “तेजल वाचल, तवाच मी अंगठा देन.” त्यासाठी माझी शाळा बुडवली.

बाहेरच्या बाकावर मी तो कागद वाचला. “हक्क, हितसंबंध व हिस्सा कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने व कायमचा सोडून देत आहे.” एवढे मोठे वाक्य मी एका दमात, न अडखळता वाचले. आत्या शेजारच्या बाईला म्हणाली, “आमची पोर. मास्तरनीसारकी वाचते.”

मग तिने विचारले, “मंजी काय, बाय?”

मला माहीत नव्हते. हितसंबंध म्हणजे काय ते मला माहीत नव्हते, मोबदलाही नाही. पण नुकतेच मास्तरनीसारखे म्हटले होते. मी म्हणाले, “म्हणजे घर आपल्या सगळ्यांचं आहे असं लिहिलंय.”

आत अधिकाऱ्यांनी तिला विचारले, “बाई, मजकूर समजला का?” आत्याने माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. तिने अंगठा दिला.

येताना वडिलांनी मला काय पाहिजे ते विचारले, छान वाचले म्हणून. पालघरच्या बाजारात एका दुकानात लोकरीचे गोळे टांगलेले होते. मी लाल मागितला. माझी पहिली लोकर ती. माझे विणकाम तिथून सुरू झाले.

७. या मे महिन्यात मेहुलने घर पाडून स्लॅबचे बांधायचे काढले. त्यासाठी वडिलांनी घर बक्षीसपत्राने त्याच्या नावावर करायचे, त्यावर बँक कर्ज देणार, आणि घरातल्या सज्ञान माणसांनी ना-हरकत लिहून द्यायची. नकाशात बाजूच्या खोलीच्या जागी मोटारसायकल आणि बाथरूम आहे. मी विचारले, आत्या?

मेहुल म्हणाला, “दातिवऱ्याला आईच्या मावसबहिणीकडे सोय केलीय. मोठं घर आहे त्यांचं. रस्त्यावर टाकतोय का मी?”

“तिचा हिस्सा आहे.”

“नाय तिचा हिस्सा. सोडलाय तिने. कागद बघ.”

मी ट्रंकेतून कागद काढला. बारा वर्षांनी, रोज असेच कागद हाताळणारी मुलगी म्हणून तो वाचला. शेवटी अंगठा होता आणि खाली लिहिले होते की मजकूर वाचून दाखवला व त्यांना समजला. कोणी वाचून दाखवला, ते लिहिलेले नाही. मी लिहिते. मी वाचून दाखवला, आणि तो त्यांना समजला नव्हता, कारण मला समजला नव्हता.

मेहुल वाईट नाही हेही लिहिते. मला फी भरायला कमी पडत होते त्या वर्षी तो बारावी सोडून होडीवर गेला. पत्र्याच्या घरात बाळ नको, हे त्याचे म्हणणे मला पटते. पण त्याने मला विचारले, “तू शिकलीस ती घर मोडायला?” मी पिवळ्या चादरीवर खाली बघत विणत राहिले आणि नंतर ती ओळ उसवावी लागली.

८. रविवार ६ जुलैला मी आत्याच्या खोलीत गेले. पावसाळा म्हणून होड्या बंद आहेत, तिच्या मांडीवर जाळे होते. मी तो कागद आमच्या बोलीत, एक एक शब्द थांबून, दोनदा वाचला. मी तेव्हा काय सांगितले होते आणि खरे काय होते ते सांगितले.

तिची सुई थांबली नाही. ती म्हणाली, “मंजी बारा वर्सं मी ह्या घरात पाव्हनी?”

मी होय म्हणाले. कायद्याने तेच आहे.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी कामाला निघताना दारात येऊन म्हणाली, “तवा समजला नव्हता तं बोलायचा व्हता. मी थांबले असते. आपन गाडी चुकवली असती, अजून काय?”

माफ केले असे ती म्हणाली नाही. मी त्या संध्याकाळी बोईसरला उतरून निळी लोकर घेतली.

९. वडिलांना मी तेव्हापासून मागे लागून सांगते आहे की बाजूची खोली आत्याच्या हयातीपर्यंत तिची, असे लिहून ठेवा. ते म्हणतात, “आमी जिते हाय ना? कोन काडतो तिला?” शेवटी मृत्युपत्रावर तयार झाले, वर सांगितलेल्या अटीवर. हे मृत्युपत्र त्यांना वाचून दाखवले जाईल. त्यांनी माझ्यावर नजर ठेवावी, आणि मी जिवंत असल्याची खात्री पटली की त्यांनी आपले लिहावे.

पण यात दोन अडचणी आहेत. त्या मला साहेबांनी दाखवल्या, माझ्या लक्षात आल्या नव्हत्या. एक म्हणजे या घरातला माझा पुढेमागे मिळणारा वाटा मला आत्याला ठेवायचा होता, पण जे अजून मिळालेले नाही, मिळेल अशी नुसती आशा आहे, ते मृत्युपत्रात देता येत नाही. ते कलम मी खोडले आहे. दुसरी अडचण मोठी आहे. मृत्युपत्र माणसाच्या मागे लागू होते. वडिलांनी आत्याला खोली लिहून ठेवली आणि त्यांच्या हयातीतच घर मेहुलच्या नावावर झाले, तर त्यांच्या मृत्युपत्रात द्यायला खोलीच उरणार नाही. बक्षीसपत्राची तारीख २८ जुलै ठरली होती.

मी आत्याला हे सांगितले. ती म्हणाली, “तुझ्या भावाशी भांडू नको माझ्यापायी. मी जाईन दातिवऱ्याला.” मग म्हणाली, “जाल कुठं टांगू पन तितं?”

१०. म्हणून मृत्युपत्राच्या बाहेरची एक गोष्ट इथे नोंदवते.

शुक्रवारी, १८ जुलैला, मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि बोईसरला बँकेत गेले. ना-हरकतीचा कागद सही न करता परत दिला. सोबत माझे एक पान दिले. त्यात लिहिले की या घराच्या बाजूच्या खोलीत माझी आत्या लाडकी राहते. ती खोली तिच्या हयातीपर्यंत तिची राहील असा नोंदणीकृत कागद होईपर्यंत, आणि तो कागद माझ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी तिला तिच्या बोलीत वाचून दाखवेपर्यंत, या व्यवहाराला माझी हरकत आहे. तिथल्या साहेबांनी पान दोनदा वाचले. “भाऊच ना तुमचा?” मी होय म्हणाले. “घरी बोलून घ्या ना एकदा.” मी सांगितले की घरी बोलून झाले आहे. मी दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घेतला.

संध्याकाळी ती प्रत सगळ्यांसमोर वाचली. मेहुल मध्येच उठून गेला. हेमाली त्याच्या मागे गेली. आई मला म्हणाली, “आता चादर कोन घेल तुझी?” वडिलांनी प्रत हातात घेऊन शिक्का बघितला.

आत्याला मी समजले का असे विचारले नाही. आत्या, यात काय लिहिलंय ते तू सांग, असे म्हणाले. तिने जाळे बाजूला ठेवले आणि सांगितले, सगळे, क्रमाने. बरोबर सांगितले.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. खोडलेल्या कलमाशेजारी माझी सही आहे. रूपल आणि आत्या यांना यातून काही मिळत असल्यामुळे त्यांना साक्षीदार घेतलेले नाही. खालील दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. दोघांनी मजकूर स्वतः वाचला.

तेजल दामू तामोरे (सही)

साक्षीदार :
१. शैला प्रफुल्ल पागधरे, राहणार शिरगाव (सही)
२. अंकुश पुंडलिक मेहेर, टंकलेखक, राहणार पालघर (सही)

ठिकाण : दांडी, तालुका पालघर
दिनांक : २० जुलै २०२५, रविवार